वाँटेजचा वाद : पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ताचं देवपण

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज या गावी बाप्तिस्मा घेतला. लेक मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती. तिचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला. बातमी पुण्याला पोचल्यावर जो गदारोळ उठला तो आपल्या परिचयाचा आहे. ज्यांनी वर्षभरापूर्वी पंडिताबाईंची प्रवचनं डोक्यावर घेतली होती, त्यांनाच आता फसवलं गेल्यासारखं वाटू लागलं. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू उघडपणे घेतली. असे लोक थोडे. तेव्हापासून महाराष्ट्रातली चर्चा बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : रमाबाई ख्रिस्ती का झाल्या?

त्यापुढचा प्रश्न मात्र मागे पडला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ख्रिस्ताला नेमकं काय मानलं? देव, देवाचा पुत्र, की देवाने पाठवलेला तारक? हा प्रश्न त्यांना इंग्लंडात त्यांच्या अगदी जवळच्या माणसांनी विचारला, आणि रमाबाईंच्या उत्तराने ती माणसं हादरली. पुढे या एका प्रश्नावर बराच काळ पत्रापत्री चालली. मराठी विचारविश्वातल्या एका बाईने ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याशी घेतलेली ही झुंज आपल्या इतिहासात फार कमी सांगितली जाते, म्हणून ती इथे क्रमाने मांडतो.

प्रश्न रमाबाईंनी शोधून काढलेला नव्हता. येशू देव होता म्हणजे काय, यावरून पहिल्या तीन-चार शतकांत ख्रिस्ती जगच दुभंगलं होतं. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत असे की पुत्र पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणजे तो कितीही श्रेष्ठ असला तरी पित्याच्या बरोबरीचा नाही. इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया येथे बिशपांची परिषद भरवली, आणि परिषदेने एरियसचं मत फेटाळून पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. त्यातून निकियाचा मतांगीकार आला. पुढे अथनेशियसच्या नावाने आणखी एक मतांगीकार रूढ झाला. तो मुळात लॅटिन आहे आणि अथनेशियसचा नाही, असं अभ्यासक सांगतात. त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य काटेकोर शब्दांत बांधलेलं आहे, आणि जो हे मानणार नाही त्याचा सर्वनाश होईल अशी ताकीदही आहे. रमाबाई इंग्लंडात होत्या त्या काळी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये हा मतांगीकार नाताळ, ईस्टर धरून वर्षातल्या ठरावीक सणांना म्हणायची रीत होती. त्या ताकिदीच्या कलमांवरून इंग्रज पाद्र्यांमध्येच एका दशकापूर्वी जोरदार भांडण झालं होतं.

आपल्याकडेही हा वाद जुना. १८३१ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर समोरासमोर आले, आणि १८५७ च्या आरंभी विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. देव जन्माला कसा येईल, क्रुसावर मरेल कसा, हा या वादांतला हुकमी प्रश्न असे. त्यानंतर एक तिसरी वाटही निघाली. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला. एकच निराकार ईश्वर मानणाऱ्या या मंडळींना येशूच्या शिकवणीबद्दल आदर होता, पण त्याला देव म्हणायला ती तयार नव्हती. बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांनी १८७९ साली कलकत्त्यात ख्रिस्त कोण हे भारत विचारतो आहे, या विषयावर गाजलेलं व्याख्यान दिलं. ख्रिस्त हा आशियाचा आहे, युरोपाने त्याला आपले कपडे घातले, असा त्यांचा सूर.

याच केशवचंद्रांनी कलकत्त्यात तरुण रमाबाईंच्या हाती वेदाची प्रत दिली आणि वाचायला सांगितलं. तोवर त्या पुराणांवर वाढल्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं आणि त्याची किंमत मोजली. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. देवांपुढे दक्षिणा ठेवून, उपास करून, नवस बोलून काही झालं नाही. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला आले. तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. त्यांच्याच घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती.

हे सांगण्याचं कारण असं की पुढच्या वादात त्यांची कुणी अडाणी, नवखी बाई म्हणून समजूत काढू पाहिली, तेव्हा त्यांच्या पाठीशी एवढं सगळं होतं. शास्त्र वाचून, त्यावर विश्वास ठेवून, त्याच्या पायी घरदार गमावून, मग स्वतःच्या बुद्धीने त्या बाहेर पडल्या होत्या. एका पोथीची सत्ता त्यांनी झुगारली होती ती दुसरी पोथी डोळे मिटून घेण्यासाठी नव्हे.

पुण्यात १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. याच काळात मिस हरफर्ड या शिक्षिकेकडून त्या इंग्रजी आणि बायबल शिकत होत्या. पंचहौद मिशनशी संबंध आला तोही इथेच. हे तेच मिशन, जे पुढे १८९० मध्ये टिळक-रानडे यांच्या चहा प्रकरणाने घरोघरी पोचलं. तिथल्या सिस्टर्स वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या संस्थेच्या. आणि तिथेच त्यांना भेटले फादर नेहेम्या गोरे.

गोऱ्यांबद्दल थोडं थांबून लिहिलं पाहिजे. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण. तरुणपणी त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ ख्रिस्ती मताचं खंडन करण्यासाठी लिहिला. मग १८४८ मध्ये त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला, आणि 'षड्दर्शन दर्पण' लिहून सहा दर्शनांवर टीका केली. ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळींशी त्यांचा वाद हाच : येशूची नीती घेता आणि देवपण टाकता, हे चालायचं नाही. शंकांनी त्यांना जन्मभर पोखरलं, पण त्रैक्यावरून ते हटले नाहीत. रमाबाई इंग्लंडात गेल्यावर गोऱ्यांची पत्रं आणि लेखन त्यांच्यामागे गेलं. बाप्तिस्म्याच्या निर्णयात या मराठी माणसाचा वाटा मोठा होता, हे रमाबाईंनी स्वतः मान्य केलं आहे.

१८८३ च्या वसंतात रमाबाई आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह बोटीने इंग्लंडला निघाल्या. वैद्यक शिकायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. वाँटेजच्या सिस्टर्सचं फुकट खायचं नाही म्हणून हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं, असा व्यवहार त्यांनी ठरवला. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी मानसिक क्लेशात विष घेऊन जीव दिला. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांनी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

त्यांना ख्रिस्ताकडे ओढलं कशाने? फुलहॅम इथे या सिस्टर्सचं एक घर होतं. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा आणि माया मिळत होती. अशा बायकांना शास्त्रांत काय दंड सांगितले आहेत ते रमाबाईंना तोंडपाठ होतं. यांना उलट जवळ का घेतात, असं विचारल्यावर एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. परजातीची, बदलौकिकाची बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी धर्मावर बोलतो. रमाबाईंना ख्रिस्त भेटला तो इथे.

पण ख्रिस्त भेटला म्हणजे चर्चचं सगळं तत्त्वज्ञान पटलं असं नव्हे. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्य होत्या डोरोथिया बील. रमाबाई तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. वाँटेजच्या संस्थेतली त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आता दूर, म्हणून सगळं बोलणं पत्रांतून, आणि म्हणूनच ते आज आपल्याला वाचता येतं. रमाबाई तिला 'आजीबाई' म्हणत. जिव्हाळा खरा होता. भांडणही तितकंच खरं.

ठिणग्या लहान गोष्टींवरून पडल्या. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत. जेराल्डीनला यात जातीचा अहंकार दिसे. मग क्रुसाची गोष्ट. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत असं सुचवलं गेलं. रमाबाईंनी उलट विचारलं : लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या बायकांना कळत नाही, ती संस्कृतपेक्षा थोर कशी? क्रूस घालायचाच आणि त्यावर अक्षरं हवीतच, तर ती संस्कृत असोत. संस्कृत देवांची भाषा म्हणून नव्हे, आपल्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. पुढच्या सगळ्या वादाचा नमुना त्यात आहे : ख्रिस्त हवा, पण तो माझ्या माणसांना कळेल अशा रूपात, आणि कळेल तेवढाच.

मग बिशपांचं प्रकरण. हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रज तरुणांना रमाबाईंनी संस्कृत शिकवावं, असा बीलबाईंचा विचार होता. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली : बाईने पुरुषांना शिकवणं हिंदुस्थानात तिच्या कामाला बाधक ठरेल. ज्यांच्या आईला त्यांच्या वडिलांनी शिकवलं, ज्या स्वतः काशीच्या तोडीच्या पंडितांपुढे बोलल्या, त्यांना हे ऐकून संताप आला. माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, ती तुम्ही घेता, असं त्यांनी लिहिलं.

या वातावरणात १८८५ मध्ये मुख्य प्रश्न पुढे आला. जेराल्डीनला आढळलं की त्रैक्य, ख्रिस्ताचं पूर्ण देवपण, कुमारीच्या उदरी जन्म आणि सदेह पुनरुत्थान या गोष्टी रमाबाईंना पटलेल्या नाहीत. अथनेशियसचा मतांगीकार तर त्यांना मुळीच मान्य नव्हता. देव एकच, हे त्यांच्या दृष्टीने सगळ्याचं मूळ होतं. अनेकांतून त्या एकाकडे आल्या होत्या. आता पुन्हा तीन व्यक्ती, एक तत्त्व, असं मानायला सांगितलं तर ते बायबलात कुठे स्पष्ट लिहिलं आहे ते दाखवा, ही त्यांची मागणी. ख्रिस्त देवाचा पुत्र, तारक आणि गुरू आहे हे त्या आनंदाने म्हणत. पण तो आणि निराकार, अनंत परमेश्वर एकच, हे बुद्धीला पटल्याशिवाय म्हणणार नव्हत्या.

जेराल्डीनचं उत्तर चर्चच्या परंपरेतून आलं. वाँटेजची संस्था ऑक्सफर्ड चळवळीच्या वळणाची. प्रेषितांपासून बिशपांच्या हातांनी चालत आलेली श्रद्धा हीच खरी, आणि नव्या भक्ताने ती नम्रपणे घ्यायची. बाप्तिस्मा घेताना तू चर्चची शिकवण स्वीकारलीस, आता निवडक का? असा तिचा प्रश्न, आणि या सगळ्यामागे अभिमान आहे असा आरोप. तिच्यावर अन्याय करू नये. ती मनापासून घाबरली होती. तिच्या समजुतीप्रमाणे इथे एका आत्म्याच्या तारणाचा सवाल होता.

१२ मे १८८५ चं रमाबाईंचं पत्र या प्रकरणाचा कळस आहे. त्यातला आशय असा : मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे, आणि देवाने जे करण्याची शक्ती दिली ते मीच करायला हवं. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे. बिशप आणि पाद्री यांचा प्रत्येक शब्द ही देवाची आज्ञा मानून तसंच दुसरं जू मी घेणार नाही. मी ख्रिस्ताच्या चर्चची सभासद आहे, पण धर्मगुरूंच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मला बंधनकारक नाही. देवाची आज्ञा पाळणं वेगळं आणि पुरोहितांची आज्ञा पाळणं वेगळं.

स्वाभिमानी बाईचं फणकाऱ्याचं उत्तर म्हणून हे पत्र वाचलं तर त्याचं मोल कळत नाही. यात एक सिद्धान्त आहे. ख्रिस्त कोण हे सांगण्याचा अधिकार चर्चच्या परिषदांपेक्षा शुभवर्तमान वाचणाऱ्या माणसाच्या विवेकाकडे जास्त आहे, असा तो सिद्धान्त. युरोपात हे म्हणणारे होते. पण एका वसाहतीतली, विधवा, मिशनच्या आधाराने राहणारी सत्तावीस वर्षांची बाई आपल्या आश्रयदात्यांना हे लिहिते, याला वेगळं धैर्य लागतं. पैसा, घर, लेकीचं भवितव्य, सगळं त्यांच्या हातात होतं. मनोरमाला काय शिकवायचं हे मी ठरवीन, हेही त्यांनी याच काळात बजावलं.

बीलबाईंनी दुसरा रस्ता धरला. त्या स्वतः श्रद्धाळू अँग्लिकन, पण शिक्षिका. त्यांनी रमाबाईंना रागावण्याऐवजी लांब पत्रं लिहिली, देहधारणेचा अर्थ, त्रैक्याचा अर्थ, एकेक शंका घेऊन. आणि जेराल्डीनला सांगितलं की या बाईला ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासावा लागेल. केवळ इतिहासात घडलं म्हणून ती स्वीकारणार नाही, तिच्या विवेकाला ते पटावं लागेल. बीलबाईंची ही समज मला या संबंध पत्रव्यवहारातली सर्वांत शहाणी वाटते. हिंदू शास्त्रचर्चेत वाढलेल्या बुद्धीला पूर्वपक्ष-उत्तरपक्षाशिवाय सिद्धान्त मिळत नाही, हे त्या इंग्रज बाईला कळलं.

निकाल लागला नाही. १८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या, मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर राहिल्या. १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' छापलं गेलं आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे एकेश्वरवादी युनिटेरियन पंथाचे, पण मंडळात निरनिराळ्या पंथांची माणसं होती. वाँटेजच्या भांडणाचा हा थेट परिणाम म्हणता येईल : रमाबाईंनी एका चर्चचा हात धरून काम उभारायचं नाही, हे पक्कं केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन ही त्यांची मुलींसाठीची संस्था सुरू झाली ती धर्मनिरपेक्ष तत्त्वावर. मुलींना त्यांचे आचार पाळायची मोकळीक होती.

पण रमाबाईंच्या मनातला प्रश्न मिटला नव्हता. इंग्लंड-अमेरिकेत पंथांचा गलबला पाहून त्या गोंधळून गेल्या होत्या. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांनी त्या वर्षांबद्दल पुढे लिहिलं. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस वर्षानुवर्षं पाद्री होता आणि एके दिवशी व्यासपीठावर प्रवचन देतानाच त्याला आपली खरी श्रद्धा गवसली. रमाबाईंना त्यात स्वतःची अवस्था दिसली. तिथून पुढे त्या ख्रिस्ताला तारणारा देव म्हणून हाक मारू लागल्या.

याचा परिणाम शारदासदनावर झालाच. त्यांच्या खोलीत चालणाऱ्या प्रार्थनेला काही मुली आपणहून बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाहेर पडले आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेलं. सुधारकांशी तुटलं ते इथे. पुढे दुष्काळाच्या वर्षांत केडगावला रमाबाईंचं मुक्ती सदन वाढलं.

१९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. शोमरोनी स्त्रीची कथा वाचूनच ख्रिस्त हा खरोखर दैवी तारक असल्याचं कळलं, असं तीत आहे. १८८५ ची पत्रं शेजारी ठेवली की अंतर जाणवतं. साक्षीत वाट सरळ दिसते, पत्रांत ती खाचखळग्यांची आहे. दोन्ही खऱ्या मानाव्यात असं माझं मत आहे. माणूस मुक्कामाला पोचल्यावर मागचा रस्ता एका रेषेत पाहतो. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र रस्त्यावरच्या नोंदी आधी वाचाव्यात.

म्हणून रमाबाई अखेर जेराल्डीनच्या मताला आल्या, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो अर्धाच बरोबर ठरेल. ख्रिस्ताच्या देवपणाबद्दलचं त्यांचं मत बदललं. ते ठरवायचं कुणी, याबद्दलचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. केडगावचं मुक्ती कोणत्याही एका चर्चच्या ताब्यात गेलं नाही. बायबलाचं प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून त्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत स्वतः भाषांतर केलं. खिळे जुळवण्याचं, छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. हे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. लॅटिन क्रूस नाकारणाऱ्या तरुण बाईने चाळीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर आहे असं मी मानतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेत पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन त्यांनी ख्रिस्ताला संतांच्या भाषेत गायलं, आणि अखेरीस मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. मिशन आणि ख्रिस्त या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे टिळकांच्या आधी रमाबाईंनी किंमत देऊन सिद्ध केलं होतं. त्यांचं हे ऋण हिंदू महाराष्ट्राने ओळखलं नाही आणि चर्चनेही फारसं बोलून दाखवलं नाही.

सिस्टर जेराल्डीनने ही पत्रं जपली, जुळवली आणि त्यांवर टिपणं लिहिली. ज्या पत्रांत तिच्यावरच टीका आहे तीसुद्धा गाळली नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती इंग्रजीत छापली. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल कोणतंही मत बनवण्याआधी वाचकांनी त्यातली निदान १८८५ ची पत्रं वाचावीत.